पंचवीस अश्वशक्तीच्या जुन्या ट्रॅक्टरसाठी जुना नांगर घ्यायचा आहे: दोन फाळी, तव्याचा की पलटी?

कळमेश्वरचा शेतकरी

नमस्कार मंडळी. माझी कळमेश्वर तालुक्यात सात एकर शेती आहे. त्यातली पाच एकर भारी काळी असून तिच्यात कापूस आणि तूर घेतो. उरलेली दोन एकर नाल्याच्या पलीकडे चढावर आहे, ती बरड आहे आणि तिथे हातभर खणले की मुरूम लागतो. घरी वडिलांनी घेतलेला जुना स्वराज ७२४ आहे. दोन सिलिंडरचे इंजिन, पंचवीस अश्वशक्तीच्या आसपास. दोन वर्षांपूर्वी इंजिन उघडून रिंगा आणि लायनर बदलले, त्यामुळे इंजिनाविषयी तक्रार नाही. आजवर या ट्रॅक्टरवर कल्टिव्हेटर आणि ट्रॉली एवढेच काम केले, नांगर कधी लावलेला नाही.

नांगरटीसाठी आम्ही दरवर्षी भाड्याचा मोठा ट्रॅक्टर बोलावतो. गेल्या हंगामात फेब्रुवारीच्या अखेरीस सांगून ठेवलेला ट्रॅक्टर एप्रिलच्या मध्याला आला. तोपर्यंत जमीन वाळून दगडासारखी झाली होती आणि डोक्याएवढी ढेकळे निघाली. मृगाचा पाऊस पडेपर्यंत ती वखराने फुटली नाहीत, शेवटी दोनदा रोटाव्हेटर फिरवावे लागले. पऱ्हाटी (कापसाची वाळलेली झाडे) उपटल्यावर जमिनीत थोडी ओल असतानाच नांगरता यावे, म्हणून आपला स्वतःचा नांगर असावा असे ठरवले आहे. नवीन घेण्याइतकी ऐपत सध्या नाही.

आतापर्यंत तीन जुने नांगर पाहिले. पहिला काटोल रस्त्यावरच्या एका दुकानात आहे: दोन फाळी, एकाच बाजूला माती टाकणारा, बारा इंची, ताजा निळा रंग दिलेला. त्याची किंमत एकवीस हजार सांगतात. दुसरा आमच्याच गावातल्या एका शेतकऱ्याकडचा दोन तव्यांचा, म्हणजे फिरत्या गोल तबकड्यांचा, नांगर आहे. तवे मुळात सव्वीस इंची होते असे तो म्हणतो, मी मोजले तर तेवीस भरले. तो चौदा हजारांत द्यायला तयार आहे. तिसरा सावनेरकडचा हायड्रॉलिक पलटी नांगर (माती डावीकडे-उजवीकडे दोन्ही बाजूंना टाकता येणारा), दोन फाळी, पंचावन्न हजार. विकणाऱ्याचे म्हणणे असे की पुढे वजने लावली की आमचा ट्रॅक्टर तो सहज ओढेल. माझा मात्र त्यावर विश्वास बसत नाही.

आणखी एक अडचण सांगायला हवी. काळ्या जमिनीपैकी दीड एकरात कुंदा (चिवट मुळांचे एक तण) माजलेला आहे, आणि रोटाव्हेटर फिरवल्यापासून तो कमी होण्याऐवजी वाढला आहे. जाणकारांनी कृपया सांगावे की या तिन्हींपैकी कोणता घ्यावा आणि जुना नांगर घेताना नेमके काय तपासावे.

सावनेरचा वर्कशॉपवाला

भाऊ, गेली बावीस वर्षे अवजारांची दुरुस्ती हेच माझे काम आहे, म्हणून तपासणीबद्दल सविस्तर लिहितो. ट्रॅक्टरला किती झेपेल हा हिशेब इथले दुसरे जाणकार माझ्यापेक्षा चांगला मांडतील.

आधी एक गोष्ट मनात पक्की करा. नांगरात झिजण्यासाठीच असलेले भाग वेगळे आणि कधीच झिजू नयेत असे भाग वेगळे. फाळ, मोल्डबोर्ड म्हणजे माती पलटणारा वाकडा पत्रा, आणि लँडसाईड म्हणजे न नांगरलेल्या भिंतीला घासत जाणारी पट्टी, हे तिन्ही झिजणारे भाग आहेत. ते बाजारात मिळतात आणि बोल्ट काढून बदलता येतात. त्यामुळे फाळ झिजलेला दिसला म्हणून चांगला नांगर सोडू नका, फक्त नव्या फाळांची किंमत विचारून तेवढी रक्कम भावातून कमी करून घ्या. याउलट मुख्य सांगाडा, फाळ ज्यावर बसतो तो पाय आणि ट्रॅक्टरच्या लिंकच्या (नांगर जोडायच्या दांड्यांच्या) पिना बसतात तो वरचा मनोरा, यांत वाक किंवा तडा असेल तर फुकट मिळाला तरी तो नांगर घरी आणू नका.

ताजा रंग दिसला की मी सर्वप्रथम ओल्या फडक्याने आणि नखाने जोड तपासतो. पाय सांगाड्याला मिळतो तो कोपरा आणि मनोऱ्याचे बूड या दोन ठिकाणी रंगाखाली वेल्डिंगचा उंचवटा हाताला लागतो का ते पाहा. मूळ वेल्डिंग सरळ आणि सारख्या रुंदीचे असते, नंतर केलेले फुगीर असते आणि बहुधा त्याच्या कडेला बारीक चीर असते. चीर दिसत नसेल तर त्या जागी थोडे डिझेल लावा, पुसून घ्या आणि वर खडूची पूड चोळा. तडा असेल तर पाच मिनिटांत पांढऱ्या खडूवर काळी रेघ उमटते.

त्यानंतर नांगर सपाट फरशीवर किंवा काँक्रीटवर ठेवायला सांगा. दोन्ही फाळांची टोके एकाच वेळी फरशीला टेकली पाहिजेत. मग सुतळी घ्या आणि सांगाड्याच्या समोरच्या डाव्या कोपऱ्यापासून मागच्या उजव्या कोपऱ्यापर्यंत, तसेच समोरच्या उजव्या कोपऱ्यापासून मागच्या डाव्यापर्यंत मोजा. सांगाडा चौकोनी असेल तर दोन्ही मापे सारखी यावीत. तिरकस सांगाडा असेल तर एका फाळाच्या टोकापासून दुसऱ्या फाळाच्या टोकापर्यंतचे अंतर आणि एका पायाच्या मागच्या कडेपासून दुसऱ्या पायाच्या मागच्या कडेपर्यंतचे अंतर ताडून पाहा. या दोन अंतरांत बोटभर फरक असेल तर एक पाय कधीतरी दगडाला किंवा बुंध्याला धडकून वाकलेला आहे, असे समजावे. असा नांगर शेतात एक तास (नांगराने पडणारी सरी) खोल आणि एक उथळ काढतो आणि ट्रॅक्टर एका बाजूला खेचला जातो. मालक मग आयुष्यभर टॉप लिंक (वरचा जोडदांडा) फिरवत बसतो.

फाळ उलटा करून पाहायला विसरू नका. नव्या फाळाचे टोक जमिनीकडे आणि न नांगरलेल्या भिंतीकडे किंचित झुकलेले असते, म्हणजे लँडसाईडच्या खाली सरळ पट्टी धरली तर टोकाजवळ तीन ते पाच मिलिमीटरची फट दिसते. ही फटच नांगराला जमिनीत ओढून घेते. ती नाहीशी झाली असेल तर नांगर वाळलेल्या काळ्या जमिनीवर नुसता घासत जाईल, तुम्ही लिफ्ट कितीही खाली सोडली तरी.

पिनांची भोके गोल आहेत की लांबट झाली आहेत ते पाहा आणि पिनांची जाडी मोजा. लहान ट्रॅक्टरच्या खालच्या लिंकची पिन २२ मिलिमीटरची असते, मोठ्याची २८ मिलिमीटरची. खालच्या दोन पिनांमधले अंतरही पहिल्या प्रकारात सुमारे ६८३ आणि दुसऱ्यात सुमारे ८२५ मिलिमीटर ठेवलेले असते. तुमच्या ट्रॅक्टरवर आधी स्वतः मोजा आणि मगच दुकानात जा. पिन जाड किंवा बारीक असेल तर बुश टाकून भागते, पण रुंदीत मेळ नसेल तर खालच्या लिंक ताणल्या जाऊन साखळ्या तुटतात.

तव्याच्या नांगराविषयी थोडक्यात लिहितो. तवा दोन्ही हातांनी वरून आणि खालून धरून हलवा. खडखड आवाज आला तर बेअरिंग गेले आहे. बेअरिंग बदलणे महाग नाही, पण बेअरिंगची जागाच खाल्लेली असेल तर खर्च वाढतो. सव्वीसचे तेवीस झालेले तवे अजून चालतील, मात्र त्यांची धार गोलसर झाली असेल तर ती घासून घ्यावी लागेल.

एक विनंती आहे. तपासताना लिफ्टवर उचललेल्या नांगराखाली हात किंवा डोके घालू नका, खाली ठोकळे लावूनच पाहा. जुन्या लिफ्टचे सील कोणत्या क्षणी सोडेल याचा भरवसा नसतो. माझ्या ओळखीच्या एका मेकॅनिकची दोन बोटे याच कारणाने गेली आहेत.

मौद्याचा धानवाला

आमच्या मौदा-रामटेककडे तव्याचा नांगर पुष्कळ दिसतो आणि तो चांगले काम करतो, पण आमची जमीन धानाची आहे, बांध्यांची आहे, आणि तुमच्या पश्चिमेकडच्या काळ्या जमिनीसारखी ती फुगत नाही. त्यामुळे आमच्याकडे चालतो म्हणून तुम्ही घ्या असे मी म्हणणार नाही.

कुंद्याबद्दल मात्र अनुभवाने सांगतो. तव्याची धार कुंद्याच्या काशा (जमिनीखाली पसरणारी मुळांसारखी खोडे) कापते, रोटाव्हेटर तर त्यांचे बोटाएवढे तुकडे करून शेतभर पसरवतो आणि प्रत्येक तुकडा पुन्हा फुटतो. तुमच्याकडे कुंदा वाढला त्याचे कारण बहुधा हेच आहे. त्याला तोडण्यापेक्षा मुळासकट उलटून वर काढणारा फाळाचा नांगर हवा. मार्च-एप्रिलच्या उन्हात काशा उघड्या पडल्या पाहिजेत आणि वखराने ओढून, वेचून, बांधावर जाळल्या पाहिजेत. माझ्या एका बांधीतला कुंदा असा दोन उन्हाळ्यांत आटोक्यात आला, एकाच उन्हाळ्यात तो जात नाही.

कृषी यंत्रांचा निवृत्त शिक्षक

आपला प्रश्न नीट मांडलेला आहे, म्हणून उत्तरही आकड्यांनिशी देतो. बहुतेक शेतकरी नांगराला फाळ किती आहेत ते विचारतात. माझ्या मते विचारायला हवे ते हे की आपल्या मागच्या चाकांना जमिनीवर पकड किती आहे.

बारा इंची एक फाळ म्हणजे ३० सेंटीमीटर रुंदी. आठ इंच खोल गेला तर २० सेंटीमीटर खोली, म्हणजे मातीचा छेद ६०० चौरस सेंटीमीटरचा. भारी काळ्या जमिनीला, तीत थोडी ओल असताना, दर चौरस सेंटीमीटरला सुमारे ०.७ किलो ओढ लागते असे धरा. एका फाळाला ४२० किलो आणि दोन फाळांना ८४० किलो ओढ लागेल. ताशी चार किलोमीटर वेगाने ८४० किलो ओढायला ट्रॅक्टरच्या ओढदांड्यावर साधारण साडेबारा अश्वशक्ती लागते, आणि पंचवीस अश्वशक्तीचे चांगले इंजिन तेवढी देऊ शकेल. म्हणूनच विकणारे ‘ओढेल’ असे म्हणतात. ते खोटे बोलत नाहीत, ते फक्त इंजिनाचे बोलतात.

अडचण चाकांची आहे. आपला ट्रॅक्टर सुमारे पावणेदोन टनांचा आहे, त्यातले मागच्या चाकांवर साधारण अकराशे किलो येते आणि नांगराचे वजन व ओढ यांमुळे आणखी थोडे वाढते. पऱ्हाटीच्या खुंटांच्या शेतात इतक्या वजनावर चाके न घसरता पाचशे ते साडेसहाशे किलोच्या पुढे ओढ मिळणे कठीण आहे. दोन फाळांना ८४० लागतात. म्हणजे इंजिन चालत राहील, चाके जागच्या जागी फिरतील, टायरच्या गुट्ट्या झिजतील, डिझेल जळेल आणि तासाच्या तळाशी चाकाने दाबून केलेला घट्ट थर तयार होईल. जमीन वाळल्यावर तर लागणारी ओढ याहून पुष्कळ वाढते. खोली सहा इंचांवर आणली तरी दोन फाळांना ६३० किलो लागतील, म्हणजे तेही कसेबसेच.

आता दुसऱ्या बाजूने पाहू. एका बारा इंची फाळाने, ताशी चार किलोमीटर वेगाने, वळणांचा वेळ धरून, एका तासात सुमारे ९०० चौरस मीटर नांगरले जातात. एकर म्हणजे ४०४७ चौरस मीटर, तेव्हा एकराला साडेचार तास लागतील. भारी काळ्या जमिनीची खोल नांगरट दरवर्षी करण्याची गरज नसते. उन्हाळ्यात ती स्वतःच भेगाळते आणि पहिल्या पावसात भुसभुशीत होते, म्हणून तीन वर्षांतून एकदा खोल नांगरणे पुरेसे मानले जाते. कुंद्याचे दीड एकर सोडून उरलेल्या साडेतीन एकरांचे तीन भाग केले तर दरवर्षी सव्वा एकराच्या आत एक भाग येईल. त्यात कुंद्याचे दीड एकर मिळवा. वर्षाला पावणेतीन एकर, म्हणजे बारा-तेरा तास. दोन दिवसांच्या कामासाठी दोन फाळांची गरज आहे का, हे आपणच ठरवा.

म्हणून माझा सल्ला असा की पहिला नांगर घ्यावा, पण वर्कशॉपवाले भाऊ सांगतात त्या सर्व तपासण्यांत तो उतरला तरच, आणि मागचा फाळ पायासकट काढून एक फाळी म्हणून चालवावा. हे करताना एक गोष्ट हमखास राहून जाते. दोन फाळी नांगराच्या मागच्या फाळाची लँडसाईड पट्टी बहुधा लांब असते, कारण माती पलटताना नांगराला बाजूला ढकलणारा जोर मुख्यतः तीच पेलते. मागचा फाळ काढला की ती लांब पट्टी काढून पुढच्या फाळाला लावा. नाहीतर नांगर न नांगरलेल्या बाजूला सरकत राहील आणि आपल्याला वाटेल की सांगाडाच वाकडा आहे.

पलटी नांगराविषयी माझे मत स्पष्ट आहे, तो आपण घेऊ नये. दोन फाळी हायड्रॉलिक पलटी नांगराचे वजन चारशे किलोच्या घरात धरा. ते वजन मागच्या आसापासून दीड-पावणेदोन मीटर मागे लटकते. शेताच्या टोकाला नांगर उचलला की पुढच्या चाकांवरचे निम्म्याहून अधिक वजन नाहीसे होते आणि स्टिअरिंग हलके पडते. पुढे वजने लावून स्टिअरिंग सावरता येईल, पण पुढच्या वजनाने मागच्या चाकांची पकड वाढत नाही, आणि फाळ तर तिथेही दोनच आहेत. शिवाय तो पलटवायला तेलाचा वेगळा दुहेरी व्हॉल्व्ह लागतो, आणि इतक्या जुन्या ट्रॅक्टरवर तो बहुधा नसतो. पलटी नांगराचा खरा फायदा उताराच्या शेतात असतो, कारण जाताना आणि येताना माती एकाच दिशेला, चढाकडे टाकता येते आणि शेताच्या मधोमध सरी उरत नाही. आपले चढावरचे दोन एकर मात्र बरड आहेत. तिथे कोणताच फाळ खोल घालू नका, मुरूम वर आला तर आहे ती मातीही बिघडेल. तिथे कल्टिव्हेटर आणि वखर पुरे.

नवीन नांगराचा विचार अगदीच सोडून दिला असेल तर एकदा पुन्हा करावा. कृषी यांत्रिकीकरणाच्या योजनेत महाडीबीटी पोर्टलवर अर्ज करता येतो. अवजारावर अल्पभूधारक, महिला आणि अनुसूचित जाती-जमातींच्या शेतकऱ्यांना ५० टक्के आणि इतरांना ४० टक्के अनुदान असते, ठरलेल्या कमाल मर्यादेत. मात्र पूर्वसंमती मिळण्याआधी खरेदी केली तर ते मिळत नाही, आणि जुन्या अवजाराला ते लागू नाही. आपल्याला या मार्चमध्येच नांगरायचे आहे, तेव्हा हा मार्ग पुढच्या वर्षासाठी धरावा.

कळमेश्वरचा शेतकरी

सर्वांचे मनापासून आभार. काल ट्रॅक्टरच्या पिना मोजल्या, २२ मिलिमीटर भरल्या. आज सकाळी सुतळी, मोजपट्टी, खडू आणि डिझेलची बाटली घेऊन काटोल रस्त्यावर गेलो होतो.

सांगाडा चौकोनी आहे. कर्णाची दोन्ही मापे एका सेंटीमीटरच्या आत जुळली. दोन्ही फाळ फरशीला टेकले नाहीत, मागचा फाळ साधारण दीड सेंटीमीटर वर राहिला. मग फाळांच्या टोकांमधले आणि पायांच्या मागच्या कडांमधले अंतर ताडून पाहिले, तर त्यातही जवळजवळ तेवढाच फरक निघाला. मागच्या पायाच्या वरच्या टोकाशी रंगाखाली फुगीर वेल्डिंग हाताला लागले. डिझेल पुसून खडू चोळला, पाच मिनिटांनी वेल्डिंगच्या कडेने दोन इंच लांब काळी रेघ स्पष्ट उमटली. दुकानदार शेजारीच उभे होते, त्यांनाही ती दिसली. पुढच्या पायाला आणि मनोऱ्याला मात्र काही नाही. पुढच्या फाळाखालची फट दोन मिलिमीटर आहे, म्हणजे फाळ बदलावा लागेल. मोल्डबोर्ड टोकाशी पातळ झाला आहे पण भोक नाही.

माझा प्रश्न असा आहे की मागचा पाय मला तसाही काढायचाच आहे. तर या तड्यामुळे नांगर सोडून द्यावा की भाव पाडून घ्यावा?

सावनेरचा वर्कशॉपवाला

तडा नेमका कशात आहे यावर सगळे अवलंबून आहे. पाय जर बोल्टने सांगाड्याला जोडलेला असेल आणि तडा पायाच्याच लोखंडात असेल, तर तो पाय भंगारात जाईल आणि तुमचा नांगर वाचेल. पण पाय सांगाड्यालाच वेल्ड केलेला असेल आणि तडा मुख्य तुळईत शिरला असेल, तर नांगर तिथेच सोडा. पाय काढायला सांगा आणि त्याच्या खालची सांगाड्याची जागा खडूने पुन्हा तपासा. दुकानदार पाय काढू देत नसेल तर त्यातच तुमचे उत्तर आहे.

जमले तर भावात अर्धा दिवस शेतात चालवून पाहण्याची अट घाला, बयाणा देऊन. आणि नवा फाळ घेताना बारीक मान असलेला स्वस्त फाळ घेऊ नका. लोहाराने नीट पाणी दिलेला, म्हणजे तापवून पाण्यात बुडवून कडक केलेला, फाळ काळ्या जमिनीत टिकतो. नुसता तापवून ठोकलेला आणि पाणी न दिलेला फाळ दोन एकरांत बोथट होतो, आणि पाणी जास्त झाले तर पहिल्याच दगडाला त्याचे टोक उडते.

कृषी यंत्रांचा निवृत्त शिक्षक

वर्कशॉपवाल्या भाऊंशी मी पूर्ण सहमत आहे. घेतल्यास पहिल्या दिवशी नांगर शेतात नेण्याआधी घरच्या फरशीवर बसवून घ्या. ट्रॅक्टरची डावी दोन्ही चाके आठ इंच उंचीच्या भक्कम लाकडी ठोकळ्यांवर चढवा आणि उजवी चाके फरशीवरच राहू द्या. तासात उजवी चाके जितकी खाली जातात तितकाच हा फरक आहे. मग नांगर फरशीवर टेकवून उजव्या लिंकच्या लेव्हलिंग हँडलने तो आडवा सपाट करा आणि टॉप लिंकने पुढून-मागून सपाट करा. हे घरी केले की शेतात फक्त बारीक फिरवाफिरव उरते. टॉप लिंक आखूड केली की टोक खोल शिरते आणि लांब केली की मागचा भाग दबतो, एवढे लक्षात ठेवा.

घसरण मोजण्याची रीतही सांगून ठेवतो. मागच्या टायरवर खडूने खूण करा, नांगर उचलून दहा फेऱ्यांत किती अंतर जाते ते मोजा आणि नांगरताना त्याच दहा फेऱ्यांत किती जाते ते मोजा. फरक पंधरा टक्क्यांच्या आत असावा. जास्त असेल तर मागच्या टायरमध्ये व्हॉल्व्हच्या उंचीपर्यंत, म्हणजे तीन चतुर्थांश पाणी भरा. खोली कमी करण्याचा विचार त्यानंतर करावा.

कळमेश्वरचा शेतकरी

तुम्हां सगळ्यांच्या मार्गदर्शनामुळे काम झाले, म्हणून शेवटची माहिती देतो. पाय बोल्टने जोडलेला होता. दुकानदारांनी तो स्वतः काढून दाखवला, खालची तुळई कोरी निघाली. नवा फाळ लावून साडेतेरा हजारांत व्यवहार ठरला आणि मागचा पाय त्यांनीच भंगारासाठी ठेवून घेतला. त्याची लांब पट्टी काढून पुढच्या फाळाला लावली.

दोन दिवसांपूर्वी कुंद्याच्या तुकड्यात सुरुवात केली. शेवटच्या वेचणीनंतर पऱ्हाटी उपटून आठच दिवस झाले होते. वरची दोन बोटे माती वाळलेली होती, पण त्याखालचा गोळा मुठीत दाबला तर जुळत होता आणि टाकला तर फुटत होता. रिकाम्या दहा फेऱ्यांत ट्रॅक्टर ३७ मीटर गेला, नांगरताना साडेबत्तीस मीटर. घसरण बारा टक्के निघाली, म्हणून टायरमध्ये पाणी भरलेले नाही. खोली पावणेआठ इंच मिळते आहे. पहिल्या दोन सऱ्यांना नांगर डाव्या बाजूला ओढत होता, तो क्रॉस शाफ्ट (खालच्या लिंक जोडल्या जातात तो नांगराचा आडवा दांडा) थोडा फिरवल्यावर सरळ झाला. एकराला साडेचार नव्हे, जवळपास पाच तास लागत आहेत, कारण मला अजून वळणावर नांगर वेळेवर उचलण्याची सवय झालेली नाही.

तासाच्या कडेला कुंद्याच्या हातभर लांब, पांढऱ्या काशा उघड्या पडल्या आहेत. आई आणि मी संध्याकाळी त्या वेचायला जातो.

सावनेरचा वर्कशॉपवाला

छान झाले. पहिल्या दहा तासांनंतर सगळे बोल्ट पुन्हा एकदा आवळून घ्या, नवा फाळ बसताना थोडा दबतो आणि बोल्ट सैल पडतात. पायाला तुटण्यासाठीचा मऊ बोल्ट असेल तर त्याचे दोन-चार नग टूलबॉक्समध्ये ठेवा. तो तुटला म्हणून त्याच्या जागी कडक बोल्ट कधीही घालू नका, पुढच्या वेळी बोल्टाऐवजी पाय वाकेल.